सिस्टर, आपला कागद कोणत्या टेबलावर ठेवायचा?

बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काढून मी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. आता नाशिकला सिडकोत राहते. आठवड्यातून एखाद्या सिस्टरचा फोन येतोच, "मॅडम, आमदारसाहेबांना भेटायचंय, निवेदन कसं लिहू?" फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी आमची फसलेली गोष्ट. फिमेल मेडिकलला, म्हणजे बायकांच्या वॉर्डात, रात्री तीस खाटांवर बेचाळीस पेशंट असायचे, बाकीच्या खाली गादीवर. सिस्टर एक. चौघी जणींनी मिळून एका लोकप्रतिनिधींना दोन पानी निवेदन दिलं. पदभरती, धुलाई भत्ता, पाळणाघर, क्वार्टर, अशा अकरा मागण्या. चहा झाला, फोटो झाला, कागद स्वीय सहायकाच्या गठ्ठ्यात गेला. तीन महिन्यांनी विचारलं तर त्यांना त्यातली एकही मागणी आठवेना. अकरांतलं आधी काय करायचं हे आम्हीच सांगितलं नव्हतं.

मग मी शंभर पानी वही घातली. रात्री बाराचा सेन्सस, म्हणजे पेशंटची मोजणी, घेताना एक ओळ लिहायची: तारीख, खाटा, पेशंट, जमिनीवरचे किती, सिस्टर किती, आणि त्या रात्री काय करायचं राहून गेलं. विद्यार्थिनींना स्टाफमध्ये मोजायचं नाही. पेशंटचं नाव कधीही लिहायचं नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एका रात्री सुरगाण्याच्या आजींना धाप लागली, मी त्यांच्याजवळ मास्क धरून बसले, आणि परत येईपर्यंत चौदा नंबरच्या खाटेवरच्या मुलीची सलाईन संपून नळीत रक्त चढलं होतं. त्या मुलीने ओठ दाबून हात धरून ठेवला होता, मला हाक मारली नाही. मी वहीत एवढंच लिहिलं, "१४: सलाईन वेळेत बदलता आली नाही." तीन महिने अशी वही ठेवली. त्यात दोन सिस्टर असलेल्या रात्री अकरा निघाल्या.

नव्या निवेदनाचं एकच पान केलं. वर आमचा आकडा आणि त्याखाली भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण: वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ मागे १, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. शेवटी एक मागणी, रात्रपाळीला दुसरी सिस्टर. हे पान मेट्रनमार्फत, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांमार्फत, वरिष्ठांना दिलं आणि प्रतीवर आवक क्रमांक, म्हणजे कागद पोचल्याच्या नोंदीचा नंबर, घेतला. आवक क्रमांक नसेल तर तो कागद दिलाच नाही असं समजा.

आता टेबलाचं बघू. आपल्या बायका इथेच सगळ्यात जास्त चुकतात. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात म्हणून त्यांच्याकडे पदं मागतात. त्या समितीच्या पैशातून मॉनिटर येतो, इमारतीची दुरुस्ती होते, यंत्रसामग्री मिळते. कायम पद निर्माण होत नाही. ते आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, बसावं लागतं, आणि आकृतिबंधाची फाइल मंत्रालयात वित्त विभागापुढे जाते. म्हणजे ऑक्सिजनची पाइपलाइन हवी असेल तर नियोजन समिती, पदं हवी असतील तर विधिमंडळ. आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राचं काम असेल तर जिल्हा परिषदेची आरोग्य समिती. महापालिकेच्या दवाखान्याचं असेल तर नगरसेवक आणि स्थायी समिती. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरसारख्या पेसा भागातल्या, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा असलेल्या आदिवासी भागातल्या, आरोग्य सेविकांनी थेट ग्रामसभेत बसावं. तिथे आदिवासी विकासाच्या पैशातला पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी येतो, तो आरोग्यावरही खर्च करता येतो, आणि त्याचा निर्णय गावच घेतं. वेळही सांभाळा. अंदाजपत्रकं फेब्रुवारी-मार्चला येतात, त्यामुळे कागद दिवाळीच्या आसपास पोचलेला बरा. एप्रिलमध्ये गेलात तर अख्खं वर्ष हातचं गेलं.

विधिमंडळाची एक खुबी फार थोड्या जणींना ठाऊक असते. आमदार तारांकित प्रश्न विचारतात, सभागृहात उत्तर मंत्री देतात. पण आकडा कुठून येतो? मंत्रालयातून पत्र खाली सरकत सरकत जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येतं, तिथून मेट्रनकडे, आणि मग वॉर्डात फोन वाजतो, "सिस्टर, अर्ध्या तासात माहिती पाठवा." वही तयार असेल तर खरा आकडा जातो. नसेल तर गेल्या वर्षीच्याच कागदावर नवी तारीख पडते. आमच्या वेळी संघटनेने तो विषय आमदारांपर्यंत नेला, प्रश्न लागला, माहिती मागवली गेली आणि आमचीच वही वर गेली. पुढच्या वर्षी रात्रीची दुसरी सिस्टर मिळाली. धुलाई भत्त्याचं तेव्हा काही झालं नाही.

सरकारी नोकरीतल्यांनी एक पक्कं लक्षात ठेवा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत. पक्षाचं काम नाही, प्रचार नाही, निवडणूक लढवणं नाही. स्वतःच्या बदलीसाठी आमदाराची चिठ्ठी आणणं तर नाहीच. त्याने तुमची फाइल बिघडते आणि आपल्या सगळ्यांच्या मागणीचं वजनही उतरतं. तुमचा रस्ता संघटनेचा. कार्यालयाचे कागदही परस्पर बाहेर देऊ नका. त्यासाठी आम्ही निवृत्त आहोत. मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं किती, एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील. मी माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून असे कितीतरी अर्ज लिहिलेत.

मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत खासगी रुग्णालयांत राबणाऱ्या मुलींना वाटतं, आपलं कोणी नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही परिचारिकांची संघटना खासगीतल्या पगाराच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, ५० पेक्षा कमी असतील तरी महिना २०,००० च्या खाली नाही. ही शिफारस आहे, कायदा नाही, आणि तो करून घेण्याचं काम बाकी आहे. आमदारांना एवढंच विचारा, "या शिफारशीचं आपल्या राज्यात काय झालं?"

मताचंही वजन असतं. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी झालेल्या प्रत्येकीने नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात नाव घालावं. पाच जिल्ह्यांचा हा मतदारसंघ, मागची निवडणूक जानेवारी २०२३ मध्ये झाली, मुदत सहा वर्षांची. विधानसभेच्या यादीतलं नाव इथे आपोआप येत नाही, दर वेळी यादी नव्याने होते. नमुना १८ भरायचा आणि निवडणुकीआधीच्या १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. एका हॉस्टेलमधून पन्नास अर्ज एकदम गेले की उमेदवार स्वतःहून हॉस्टेलला भेट द्यायला येतो.

निवृत्त किंवा खासगीतल्या बायकांनी उभंही राहावं. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. नाशिक महापालिकेत १२२ पैकी ६१. मुंबईच्या माजी महापौर किशोरी पेडणेकर आधी नर्स होत्या, आणि एप्रिल २०२० मध्ये महापौर असताना गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. अंदाजपत्रकाच्या बैठकीत ड्रेसिंग ट्रॉलीला किती लागतात हे सांगणारी एक तरी बाई आत हवी.

बारा मेला, परिचारिका दिनाला, मेणबत्त्या लावा, शपथ घ्या, पण पाहुण्यांच्या हातात ते एक पान ठेवल्याशिवाय त्यांना निघू देऊ नका.

आणि नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये पर्वण्या आहेत आणि आरोग्याच्या तयारीच्या बैठकीत परिचारिका बसली पाहिजे. २०१५ ला तात्पुरत्या दवाखान्यात मी बारा बारा तास उभी होते. तंबूत औषधं होती, सलाईन होत्या, रुग्णवाहिका होती. सिस्टरांसाठी स्वच्छतागृह मात्र नव्हतं, म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. आराखडा काढणाऱ्यांनी खाटा मोजल्या होत्या, खाटांशेजारी उभं कोण राहणार हे त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं. तो कागद या वेळी आत्ताच द्या. पहिली ओळ मी सांगते: प्रत्येक दवाखान्यापासून दोन मिनिटांच्या अंतरावर सिस्टरांसाठी कुलूप लागणारं स्वच्छतागृह, आणि आठ तासांची पाळी.