‘सर, बटन चालत नाही’: टीकेइंटरमध्ये माऊस क्लिक हाताळताना या चुका टाळा

नाशिकमध्ये डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे, टीकेइंटर (पायथनमध्ये विंडो आणि बटनं बनवायची लायब्ररी) वापरून केलेले प्रकल्प पाहा. कुणी कांदा लिलावाची नोंदवही केलेली असते, कुणी नाट्यगृहाचं तिकीट बुकिंग, कुणी गोदाघाटाचा नकाशा. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: ‘बटन चालत नाही.’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. क्लिक फंक्शनपर्यंत पोचलंच नाही, पोचून आत एरर आली, की विंडो उघडतानाच फंक्शन एकदा चालून गेलं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ते न तपासता दुसऱ्याचा कोड आणून चिकटवला, की एका चुकीच्या दोन होतात.

म्हणून क्लिकवर चालणाऱ्या प्रत्येक फंक्शनची पहिली ओळ प्रिंटची ठेवा. बाइंड (क्लिकसारख्या इव्हेंटला फंक्शन जोडायची पद्धत) वापरलं असेल तर इव्हेंटचं विजेट (बटन, यादी असा विंडोतला घटक), एक्स आणि वाय तिन्ही छापा. प्रोग्राम टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीतूनच चालवा. फंक्शनमध्ये एरर आली तर टीकेइंटर ती टर्मिनलवर छापतं आणि विंडो तशीच चालू ठेवतं. फाइलचं एक्स्टेंशन पीवायडब्ल्यू असेल तर टर्मिनलच नसतो, त्यामुळे एरर कुणाला दिसत नाही. असे कितीतरी ‘बंद’ बटनांचे प्रश्न टर्मिनल उघडल्यावर दोन मिनिटांत सुटतात.

कंस आणि लॅम्डा

बटन दाबल्यावर काय चालवायचं ते ‘कमांड’मध्ये सांगतात. तिथे फंक्शनचं फक्त नाव द्यायचं. नावापुढे कंस लावले की पायथन ती ओळ वाचतानाच फंक्शन चालवतं आणि त्यातून परत आलेली किंमत, बहुतेकदा नन (‘काहीच नाही’), कमांडच्या पदरात पडते. लक्षण ठरलेलं आहे: विंडो उघडताच ‘नोंद जतन झाली’ असा निरोप येतो आणि नंतर बटन कितीही दाबलं तरी काही होत नाही. कंस काढा, बटन चालेल.

फंक्शनला किंमत पाठवायची असेल तर लॅम्डा, म्हणजे एका ओळीचं बिननावाचं फंक्शन लागतं, आणि लूपमध्ये बटनं बनवणारे इथेच फसतात. समजा, महापालिकेच्या सहा विभागांची सहा बटनं लूपमध्ये केली: पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड. कुठलंही दाबा, माहिती नाशिकरोडचीच येते. कारण लॅम्डा लूपमधल्या व्हेरिएबलची किंमत बटन दाबलं जातं तेव्हा वाचतो, आणि तोवर लूप संपून त्यात शेवटचं नाव राहिलेलं असतं. उपाय असा: लॅम्डाच्या कंसात ‘नाव बरोबर नाव’ असं डिफॉल्ट लिहा, म्हणजे त्या फेरीची किंमत तिथेच बांधली जाते.

हाच लॅम्डा बाइंडला जसाच्या तसा देऊ नका. बाइंड आपल्या फंक्शनला पहिल्या जागी इव्हेंट पाठवतं, त्यामुळे ‘नाव’मध्ये पंचवटीऐवजी इव्हेंट ऑब्जेक्ट जाऊन बसतो. बाइंडसाठी आधी ‘ई’, मग स्वल्पविराम, मग ‘नाव बरोबर नाव’. कमांड इव्हेंट पाठवत नाही, बाइंड नेहमी पाठवतं. एकच फंक्शन दोन्हीकडे वापरायचं असेल तर ‘इव्हेंट बरोबर नन’ असं डिफॉल्ट ठेवा. लॅम्डात फक्त किंमत पुढे पोचवा आणि खरं काम नाव दिलेल्या वेगळ्या फंक्शनमध्ये करा. लॅम्डात कोंबलेलं काम एरर आल्यावर वाचताही येत नाही.

एका गाडीच्या चार नोंदी

बाजार समितीतल्या कांदा लिलावाच्या नोंदीसाठी केलेला एक प्रकल्प. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, क्विंटल, भाव भरायचं आणि ‘जतन करा’ दाबायचं. फंक्शन दर वेळी आख्खी एक्सेल फाइल उघडून, शेवटी ओळ जोडून पुन्हा जतन करत होतं. दहा ओळींवर चाचणी झाली तेव्हा सगळं छान होतं. ओळी हजारांत गेल्यावर जतन व्हायला तीन-चार सेकंद लागू लागले, तेवढा वेळ विंडो गोठायची आणि भरणारा माणूस बटन पुन्हा पुन्हा दाबायचा. एका ट्रॅक्टरच्या चार नोंदी झाल्या आणि दिवसाची आवक चुकली. विंडो पाच सेकंदांहून जास्त अडकली तर विंडोज शीर्षकपट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. इथे तेवढाही वेळ जात नव्हता, म्हणून दोष लवकर ध्यानात आला नाही.

त्यावर केलेली दुरुस्ती सगळेच करतात: फंक्शनच्या सुरुवातीला बटन डिसेबल, शेवटी पुन्हा नॉर्मल. नोंदी तरीही चारच. फंक्शन चालू असताना मेनलूप, म्हणजे क्लिक ऐकणारा आणि विंडो रंगवणारा टीकेइंटरचा सततचा फेरा, थांबलेला असतो. त्या काळातली क्लिक वाया जात नाहीत, रांगेत उभी राहतात. बटन डिसेबल होऊन परत नॉर्मल होतं आणि त्यानंतर टीकेइंटर रांगेकडे वळतं. तेव्हा बटन चालू असतं, त्यामुळे उरलेली तिन्ही क्लिक लागू होतात. बटन करडं झालेलंही दिसत नाही, कारण विंडो रंगवायलाही मेनलूपच लागतो.

बटन डिसेबल केल्यावर लगेच अपडेट-आयडलटास्क्स (रंगवायचं उरलेलं काम उरकणारं फंक्शन) बोलवा, म्हणजे ते करडं दिसेल. नॉर्मल करण्याचं काम फंक्शनच्या शेवटी थेट न करता आफ्टरने (ठरावीक वेळाने फंक्शन चालवायची सोय) ३०० मिलिसेकंदांनी करा, तोवर रांगेतली क्लिक डिसेबल बटनावर आपटून संपतात. खरं दुखणं मात्र एक्सेल फाइलचं आहे. अशा नोंदींना एसक्यूलाइट हा एका फाइलमधला छोटा डेटाबेस वापरा आणि पावती क्रमांकाला युनिक ठेवा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जात नाही. मग क्लिक दोनदा पोचलं तरी नोंद दोनदा होत नाही. शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब आहे हा, तो बटनाच्या भरवशावर सोडू नये.

फंक्शनमध्ये जागोजागी अपडेट हे फंक्शन पेरायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. अपडेट रांगेतली क्लिक तिथेच चालवतं, म्हणजे एक जतन अर्धवट असताना त्याच्याच पोटात दुसरं सुरू होतं. प्रोग्राम थांबवून ठेवणारं टाइम-स्लीपही क्लिकच्या फंक्शनमध्ये नको. थांबायचं असेल तर आफ्टर वापरा. काम खरंच लांबलचक असेल तर ते वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या बाजूला समांतर चालणाऱ्या धाग्यात) करा, पण विजेटला हात फक्त मुख्य थ्रेडनेच लावायचा.

कॅनव्हास

कॅनव्हास म्हणजे विंडोतली चित्रं काढायची पाटी. तिच्यावर नाट्यगृहाच्या आसनांचा नकाशा: प्रत्येक खुर्चीचा चौकोन आणि त्यावर क्रमांक. चौकोनाच्या कडेजवळ क्लिक केलं तर खुर्ची निवडली जाते, क्रमांकावर केलं तर नाही. वर काढलेला क्रमांक ही कॅनव्हासवरची स्वतंत्र वस्तू आहे आणि क्लिक सगळ्यात वरच्या वस्तूला मिळतं. चौकोन आणि क्रमांक दोघांना एकच टॅग (ओळखीची चिठ्ठी) द्या आणि टॅग-बाइंड त्या टॅगवर लावा. चौकोनाला फिल (आतला रंग) दिला नसेल तर फक्त रेषेवरचं क्लिक धरलं जातं, पोकळ भाग मोजला जात नाही. पांढरा तर पांढरा, फिल द्या.

स्क्रोल होणाऱ्या कॅनव्हासवर इव्हेंटचा एक्स हा दिसणाऱ्या भागाच्या डाव्या कडेपासून मोजलेला असतो. गोदाघाटाचा नकाशा सरकवला की त्यातल्या रामकुंडावर केलेलं क्लिक भलतीकडे लागतं. कॅनव्हासएक्स आणि कॅनव्हासवाय या फंक्शनांतून काढलेली किंमतच वापरा. आणि क्लिक मुख्य विंडोवर बाइंड करू नका. ते आतल्या प्रत्येक विजेटच्या क्लिकवर चालतं आणि एक्स-वाय त्या विजेटच्या कोपऱ्यापासून येतात, त्यामुळे आकडे कधी बरोबर, कधी चूक वाटतात.

बाकीच्या चुका झटपट. लिस्टबॉक्सवर (निवडायच्या यादीवर) बटन-१, म्हणजे माऊसचं डावं बटन, बाइंड केलं तर आधीची निवड हाती येते, कारण तुमचं फंक्शन लिस्टबॉक्सच्या स्वतःच्या कामाआधी चालतं. तिथे निवड बदलल्यावर येणारा लिस्टबॉक्ससिलेक्ट इव्हेंट वापरा. बटन बनवून त्याच ओळीत पॅक केलं (विंडोत मांडलं) तर व्हेरिएबलमध्ये नन येतो, म्हणून पॅक पुढच्या ओळीत. त्याच इव्हेंटला दुसरं बाइंड लावलं की पहिलं पुसलं जातं, दोन्ही हवी असतील तर ॲडमध्ये अधिकचं चिन्ह द्या. बटनावर कमांडऐवजी बाइंड लावलं तर डिसेबल केल्यावरही फंक्शन चालत राहतं.

एकाच विजेटवर सिंगल आणि डबल दोन्ही बाइंड असतील तर डबल क्लिकमध्ये पहिल्या दाबाला सिंगलचं फंक्शन आधी चालतंच. म्हणून सिंगलवर नोंद पुसण्यासारखं, परत न फिरणारं काम कधीच ठेवू नका. दोन्ही वेगळी हवीच असतील तर सिंगलचं काम आफ्टरने ५०० मिलिसेकंद पुढे ढकला आणि डबल आलं की आफ्टर-कॅन्सलने रद्द करा. एकदा दाबूनही डबलचं फंक्शन चालत असेल, तर कोडला हात लावण्याआधी दुसरा माऊस जोडून बघा. जुन्या माऊसचा स्विच झिजला की एका दाबाची दोन क्लिक जातात.