जर्मनीत कुठल्या शहरात राहायचं, हे कसं ठरवाल

पुण्या-मुंबईहून जर्मनीला निघालेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: म्युनिक चांगलं की बर्लिन? याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण हा देश एकाच महानगराभोवती फिरत नाही. मोटारींचं काम स्टुटगार्टकडे, बँका फ्रँकफर्टला, विमानं हॅम्बुर्गला, चिप ड्रेस्डेनला, रसायनं लुडविग्सहाफेनला, आणि यांच्यामधली लहान शहरं रेल्वेने नीट जोडलेली. म्हणून शहराच्या नावावर अडून बसू नका. ऑफिस जिथे असेल तिथून लोकल रेल्वेने एका तासाचं वर्तुळ काढा आणि त्या वर्तुळात परवडणारं घर, मुलांची शाळा आणि गरज पडली तर दुसरी नोकरी, या तिन्ही गोष्टी बसतात का ते पाहा. पुढचं सगळं ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना), जोडीदार आणि मुलांसह जाणाऱ्यांसाठी लिहिलं आहे.

आधी दुसरी नोकरी शोधा

पहिली नोकरी हातात असताना दुसरीचा विचार कोणी करत नाही, आणि शहराची निवड सगळ्यात जास्त इथेच चुकते. ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत कंपनी बदलली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. नोकरी गेली तर नवी शोधायला मोजकेच महिने मिळतात. अशा वेळी दुसरी कंपनी त्याच वर्तुळात असेल तर घर आणि शाळा जागच्या जागी राहतात. नसेल तर नवं शहर, नवं घर, मुलाचा नवा वर्ग आणि व्हिसाची टांगती तलवार, सगळं एकदम अंगावर येतं.

वोल्फ्सबुर्ग म्हणजे फोक्सवागन, इंगोलश्टाट म्हणजे आउडी. चाकणच्या कारखान्यांतून किंवा त्यांच्या पुरवठादारांकडून बदली होऊन जाणाऱ्यांच्या वाट्याला अशी गावं हमखास येतात. गावं नीटनेटकी, घरभाडं झेपणारं. पण एका कंपनीने भरती थांबवली की आख्खं गाव गप्प होतं. उलट वाल्डोर्फ हे एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचं गाव दिसायला तसंच, तरी हायडेलबर्ग, मानहाइम आणि कार्ल्सरुहे तासाच्या आत असल्याने तिथे जीव टांगणीला लागत नाही. स्टुटगार्टकडे मात्र जरा बारकाईने पाहा. मर्सिडीज, पोर्शे, बॉश अशी मोठी नावं शेजारी शेजारी आहेत, पण तिघंही एकाच उद्योगावर उभी आहेत. मोटारींची मंदी आली की तिन्हीकडे एकदमच हात आखडतो, आणि २०२४पासून या क्षेत्रात हजारोंच्या नोकरकपातीच्या घोषणा झाल्या आहेत.

तपासायची पद्धत सोपी आहे. स्टेपस्टोन या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आणि लिंक्डइनवर तुमचं पद टाका, त्या गावापासून ५० किलोमीटरची मर्यादा लावा आणि जाहिराती नव्हे, वेगवेगळ्या कंपन्या मोजा. मग त्यातल्या किती जणांना जर्मन येणारा माणूस हवा आहे ते वेगळं मोजा. इंग्रजीवर भागणाऱ्या पाच-सहा कंपन्याही सापडल्या नाहीत, तर त्या गावी जाण्याआधी तुमची जर्मन बी-१पर्यंत (रोजचे व्यवहार जमतील एवढ्या पातळीपर्यंत) न्यायलाच हवी. हाच शोध जोडीदाराच्या पदासाठीही करा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कुठलीही नोकरी करायची मुभा असते, पण नोकरी मिळणं ही वेगळी गोष्ट. इंग्रजीवर काम मिळण्याची शक्यता बर्लिनमध्ये सगळ्यात जास्त. जोडीदार डॉक्टर, दंतवैद्य किंवा नर्स असेल तर पदवीची मान्यता त्या-त्या राज्याचं खातं देतं, म्हणजे तिथे आधी राज्य ठरवायचं आणि मग शहर.

पगार देशभर सारखा कापला जातो, भाडं नाही

ब्लू कार्डची किमान पगाराची सर्वसाधारण अट साऱ्या देशाला एकच आहे. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती, म्युनिकलाही आणि लाइपझिगलाही. कर आणि सामाजिक विम्याची वजावटही जवळपास सारखीच. त्यामुळे महिन्याअखेर हातात काय उरतं हे मुख्यतः घरभाडं ठरवतं.

एक हिशोब मांडून पाहू. वर्षाला ६०,००० युरो ठोक पगार, जोडीदार कमावत नाही, म्हणून कमी कर कापणारा करवर्ग तीन: हातात महिन्याला साधारण ३,५०० युरो येतात. घर ७५ चौरस मीटरचं. म्युनिकमध्ये नव्या कराराला चौरस मीटरमागे २० युरोंच्या वर मोजावे लागतात, म्हणजे निव्वळ भाडंच १,६००च्या आसपास. लाइपझिगला ते ९-१० युरोंच्या घरात, म्हणजे ७०० ते ७५०. दोन्हीकडे इमारतीचा खर्च आणि हीटिंग मिळून आणखी अडीचशे धरा. फरक महिन्याला जवळपास ९००, वर्षाला १०,०००च्या वर, आणि तोही कर भरून उरलेल्या पैशातला. तेवढे जास्त हातात पडायला ठोक पगार वर्षाला १८ ते २० हजारांनी चढा हवा. म्युनिकची कंपनी पाच-सहा हजार जास्त देते म्हणून हुरळून जाण्याआधी हा हिशोब कागदावर मांडाच.

भाड्याची जाहिरात वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. काल्टमिटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममिटे म्हणजे इमारतीचा खर्च आणि बहुधा हीटिंग धरून. वीज, इंटरनेट आणि दर घरामागे महिन्याला १८.३६ युरोंचं रेडिओ-टीव्हीचं प्रसारण-शुल्क या दोन्हींत धरलेलं नसतं. दुसरं, खोल्या मोजायची रीत: जर्मनीत हॉलही खोलीतच मोजतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. आपला टू बीएचके म्हणजे तिथली तीन खोल्यांची जागा. तिसरं, जाहिरातीत आइनबाउक्युखे (बसवलेलं स्वयंपाकघर) हा शब्द नसेल तर स्वयंपाकघरात फक्त नळाचे पाइप असतील, ओटा आणि शेगडीसुद्धा नाही. बऱ्याचदा दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. नवं स्वयंपाकघर बसवायला काही हजार युरो सहज जातात.

तासाभराच्या वर्तुळाचा खरा फायदा इथे मिळतो. डॉइचलांडटिकेट हा मासिक पास जानेवारी २०२६पासून ६३ युरोंना आहे आणि देशभरच्या लोकल, प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बसला चालतो. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांना मात्र चालत नाही. आउग्सबुर्गहून म्युनिकला प्रादेशिक गाडी पाऊण तासात पोचते, डार्मश्टाटहून फ्रँकफर्टला वीस मिनिटं पुरतात, माइन्झहून चाळीसेक. लाइपझिग ते बर्लिन आयसीईने सव्वा तास दिसतो म्हणून ते वर्तुळात धरू नका. त्या गाडीला हा पास चालत नाही आणि रोजचं तिकीट खिसा रिकामा करतं. वेळ बघताना जर्मन रेल्वेच्या ‘डीबी नाविगाटोर’ अॅपवर सोमवारची सकाळी साडेसातची आणि शनिवारची रात्री साडेदहाची गाडी शोधा. दिवसा दर वीस मिनिटांनी धावणारी गाडी रात्री तासाला एक होते, आणि पाहुणचाराहून मुलांना घेऊन परतताना तोच तास फार जड जातो.

मुलाचं वय शहर ठरवतं

शिक्षण हा जर्मनीत राज्यांचा विषय आहे आणि राज्याराज्यांतला फरक मोठा आहे. शहर निवडताना मराठी कुटुंबं इथे सगळ्यात कमी चौकशी करतात, आणि मुलांना ते सगळ्यात जास्त भोवतं.

बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: कोणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुमला, कोणी मधल्या स्तराच्या रेआलशुलेला, कोणी इतर शाळांत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ही विभागणी सहावीनंतर होते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक, न्युर्नबर्ग, एर्लांगेनकडे, गिम्नाझियुमसाठी चौथीत जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. तिथे १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ सर्वात वाईट, हे लक्षात ठेवा. आता तिसरीत असलेलं मूल घेऊन म्युनिकला जाणं म्हणजे त्याला साधारण दीड वर्षात जर्मन शिकून त्याच भाषेतल्या परीक्षेत उतरायला लावणं. नव्याने आलेल्या मुलांना थोडी सवलत मिळते, गुण कमी पडले तर चाचणी-वर्गाचा मार्ग असतो आणि पुढेही शाळा बदलता येते. पण त्या वयात स्वतःला ‘मागे पडलेला’ समजायला लागलेलं मूल सावरायला वेळ लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी दोन्हीकडच्या नोकऱ्या समोर असतील तर बर्लिनकडचा पर्याय गंभीरपणे विचारात घ्या. मूल तीन वर्षांचं असेल तर हा प्रश्नच उरत नाही, ते किटात जर्मन उचलेल.

किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यापासून जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३पासून आहे, तरी मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांब असते. बर्लिनमध्ये किटाचं शुल्क नाही, फक्त जेवणाचे महिन्याला २३ युरो आणि काही ठिकाणी किरकोळ जादा रक्कम. हॅम्बुर्गला रोजचे पाच तास जेवणासकट मोफत. इतर बऱ्याच राज्यांत शुल्क गावोगाव बदलतं, म्हणून त्या गावाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा दरतक्ताच पाहा. आणि करार सही होण्याची वाट न पाहता नोंदणी भारतातूनच, एका वेळी दहा-पंधरा किटांमध्ये करा.

प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी घरच्या पत्त्यावरून ठरते. म्हणून पहिलं तात्पुरतं घरही पुढे जिथे राहायचं त्याच वस्तीत बघा, नाहीतर मुलाला वर्षभरात दोनदा शाळा बदलावी लागेल.

कार्यालय, विमान, अंधार

कायदा एकच असला तरी परदेशी नागरिकांची कार्यालयं सारख्या वेगाने चालत नाहीत. मोठ्या शहरांत परवान्याच्या नूतनीकरणाला महिनोन्‌महिने लागू शकतात. त्या काळात तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. त्यावर निवास-कायद्याचं कलम ८१, उपकलम ४ असेल तर भारतात जाऊन परत येता येतं, उपकलम ३ असेल तर येता येत नाही. घरी लग्न ठरलेलं असताना हे विमानतळावर कळू नये. शहर ठरवताना त्याच कंपनीतल्या भारतीयांना एवढंच विचारा: मागच्या वर्षी कार्ड हातात यायला किती दिवस लागले?

आई-वडील येणार असतील तर मुंबईहून थेट विमान फ्रँकफर्ट आणि म्युनिकला उतरतं. सत्तरीच्या माणसांना मध्ये कुठे गाडी-विमान बदलायला लावू नये असं वाटत असेल तर हा मुद्दा वजनदार आहे.

हिवाळ्याचा अंधार सगळीकडेच, पण उत्तरेत जास्त. हॅम्बुर्गला डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. घरी एकटं राहणाऱ्या जोडीदाराला हे फार टोचतं. तिच्या किंवा त्याच्या दृष्टीने चालत जाता येईल असा भाषावर्ग, लोकवस्तीचा रस्ता आणि ट्रामचा थांबा हे लांबच्या मोठ्या घरापेक्षा मोलाचं असतं. भाषावर्गासाठी फोक्सहोखशुले (प्रौढांसाठीची स्थानिक शिक्षणसंस्था) हे नाव शोधा. जवळपास प्रत्येक गावात ते असतं.

जमलं तर निर्णयाआधी एकदा जाऊन या, आणि तेही नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत. जूनमध्ये जर्मनीतलं कुठलंही शहर मोहात पाडतं. विचारात असलेल्या दोन वस्त्यांमधून सकाळी साडेसातला ऑफिसपर्यंत प्रवास करा, रविवारी दुकानं बंद असताना फिरा.

पहिलं घर

भारतात बसून कायमचं घर मिळवण्याचा हट्ट धरू नका. घरमालकाला शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या आणि शुफा या संस्थेचा पत-अहवाल हवा असतो; नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे दोन्ही नसतं. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसावं अशीही बहुतेकांची अपेक्षा. म्हणून पहिले तीन महिने फर्निचरसकट तात्पुरतं घर घ्या, आणि बुक करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: इथे अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) करता येईल का? घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं. पत्ता नाही तर करक्रमांक वेळेवर हातात येत नाही, आणि करक्रमांकाशिवाय पगार सगळ्यात जड करवर्गातून कापला जाऊ शकतो. तो पैसा पुढे परत मिळतो, पण सुरुवातीचे महिने ओढाताणीत जातात.

घर न दाखवता अनामत मागणारा, चावी कुरिअरने पाठवतो म्हणणारा, स्वतः परदेशात अडकलेला मालक, हे सगळे ठग समजा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेएवढी असते आणि ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने दिला आहे.

कायमच्या करारावर सही करताना सोडण्याच्या अटीचं कलम शोधा. भाडेकरूला साधारणपणे तीन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडता येतं, पण काही करारांत एक ते चार वर्षं घर सोडणार नाही अशी अट घातलेली असते, आणि ती कायदेशीर ठरू शकते. नव्या शहरातल्या पहिल्या करारात ही अट काढून टाकायला सांगा, किंवा एका वर्षापर्यंत खाली आणा. मालक ऐकत नसेल तर दुसरं घर बघा.