पार्किन्सन्स असणाऱ्यांसाठी नृत्याचा तास कसा घ्यावा

पार्किन्सन्समध्ये मूळ बिघाड पायांत नसतो. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींचे संदेश पोचवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं ही एरवी आपसूक होणारी कामं मुद्दाम लक्ष देऊन करावी लागतात. पण कानावर ठेका पडला, जमिनीवर रेघ दिसली, कुणी मोजून दिलं, की अडलेलं पाऊल पुष्कळदा सुटतं. तासाची सगळी आखणी यावर करायची: आतून न मिळणारी सूचना बाहेरून द्यायची. २००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस डान्स ग्रुपच्या नर्तकांनी असा वर्ग सुरू केला, तेव्हा त्यांनी उपचार नाही, नृत्यच शिकवलं. ते योग्यच होतं. व्यायाम म्हणून हात वर करणारा माणूस आणि नाचात हात वर करणारा माणूस, दोघांच्या हालचालीत फरक पडतो.

वेळ गोळीवरून ठरवा, घड्याळावरून नको. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाचा, असर बहुतेकांना अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो. तेव्हा तास सुरू व्हावा. गोळीसोबत प्रथिनांचं भरपेट जेवण झालं असेल तर असर उशिरा किंवा कमी येतो, आणि त्या दिवशी माणूस ‘आज जमतच नाही’ म्हणतो. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः अलीकडे पडणं झालं असेल किंवा उभं राहताना रक्तदाब उतरत असेल तर.

खुर्ची भक्कम, बिनचाकाची, बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील अशी हवी. बैठक साधारण ४५ सेंटीमीटर. सोफा नको, त्यातून उठवत नाही. सतरंज्या, वायरी उचलून ठेवा. नुसत्या मोज्यांवर कुणी नाचायचं नाही. पण फार पकड असलेले रबरी तळवेही घातकच: पाऊल घासत पडतं, तळवा अडकतो आणि माणूस तोंडावर जातो.

ठेका निवडायला सोपी रीत आहे. माणूस सहज चालताना मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजा. ९६ पडली तर मिनिटाला ९६ ठोक्यांचं संगीत घ्या. जमू लागलं की १०५पर्यंत न्या. ज्यांचे पाय मध्येच जमिनीला चिकटतात, म्हणजे फ्रीझिंग होतं, त्यांच्यासाठी मात्र उलट, ९० किंवा त्याहून थोडं खाली. ठोका ठसठशीत हवा. लांबलचक आलाप असेल तर सगळे अवघडून उभे राहतात. तीन मात्रांचा ठेका बसून डोलायला छान, पण चालताना दर आवर्तनाला सुरुवातीचं पाऊल बदलतं, म्हणून तो नंतर आणा.

एका तासातली पहिली २५–३० मिनिटं बसूनच. खांदे, मान, मग कमरेपासून वळणं, कारण धड ताठरलं की वळणं आधी बिघडतं. ‘हात वर करा’ म्हणण्यापेक्षा ‘दोन्ही हातांनी जड पडदा बाजूला सारा’ म्हणा. चित्र डोळ्यांपुढे आलं की हालचाल मोठी होते. तरी पुन्हा पुन्हा करताना ती आक्रसत जाते, आणि करणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून आठ वेळांवर थांबा, मोठी करून दाखवा, पुन्हा सुरू करा. वेग वाढवून मात्र बघू नका. पावलं आखूड होतात, धड पुढे झुकतं आणि माणूस स्वतःच्याच तोलामागे धावू लागतो.

आधी पाय, ते बसले की हात, त्यानंतर मोठ्याने मोजणं. तिन्ही एकदम दिले की पाय थांबतात. नव्या पावलाच्या वेळी गप्पा बंद.

उठताना बैठकीच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्यायचं, ‘तीन’ला उठायचं आणि उठल्यावर क्षणभर थांबायचं. पुढची दहा मिनिटं खुर्चीच्या पाठीला धरून: वजन डावीकडे, उजवीकडे, मग बाजूची पावलं. मागे जाणारी पावलं आधार न सोडता. तोल मागे गेला तर बरेच जण सावरू शकत नाहीत.

मोकळ्या जागेत गिरकी नको. वळण पाच-सहा पावलांच्या मोठ्या कमानीत घ्या. जमिनीवर घड्याळ कल्पून बारावर, तीनवर, सहावर पाऊल टाकायला सांगितलं तर ते अधिक सहज जमतं. चालण्याच्या वाटेवर उठून दिसणाऱ्या चिकटपट्ट्या आडव्या लावा, दोहोंत अंतर एका मोठ्या पावलाचं.

पाय चिकटले तर हात धरून ओढू नका. धड पुढे येतं, पाय मागेच राहतात. थांबायचं, सरळ उभं राहायचं, ठेक्यावर वजन दोन-चारदा या पायावरून त्या पायावर न्यायचं, मग एक मोठं पाऊल. सोबत्याने समोर नाही तर बाजूला, किंचित मागे उभं राहावं.

हाताची थरथर दाबायला सांगू नका. ताण आला की ती वाढते. चक्कर, छातीत दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा.

संगीत बंद झालं की दारापर्यंतचं चालणं उरतं, आणि दाराच्या चौकटीपाशी पाय पुष्कळदा अडतात. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ठेका चालू ठेवा.