मत्स्यबीजाच्या पिशव्या कशा भराव्या, कशा न्याव्या

आषाढात दोन-चार दमदार पाऊस झाले, मामा तलावात पाणी चढू लागलं की आमच्या अर्जुनी मोरगाव-साकोली पट्ट्यात मच्छीमार संस्थेच्या ओसरीवर एकच बोलणं असतं: बीज कधी आणायचं? (मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वीच्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे तलाव. बाहेरच्या माणसाला हे दरवर्षी सांगावं लागतं.) कटला, रोहू, मृगळ या माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, मत्स्यबीज केंद्रावर मिळतं. खरी कसरत असते ते तलावापर्यंत जिवंत नेण्याची.

पहिल्या वर्षी मी आठ पिशव्या आणल्या, त्यातल्या पाच गेल्या. ऑक्सिजन भरपूर होता, एकही पिशवी फुटली नव्हती. पाणी मात्र पेजेसारखं गढूळ, वर फेस, आणि बीज पोट वर करून तरंगतंय. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या ढीवरबाबांनी पिशवी सोडून नाक लावलं आणि विचारलं, "काऊन रे, सकाळी कोंडा टाकला होता का?" टाकला होता. लेकरं वाटेत उपाशी राहू नयेत म्हणून.

आधी उपास

म्हणून पिशवीला हात लावायच्या आदल्या दिवशीच काम सुरू होतं. बीज ओढून हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत घ्या आणि 24 तास काहीही खायला देऊ नका. ना कोंडा, ना ढेप. हापा वाहत्या किंवा हलत्या पाण्यात बांधा, अधूनमधून हाताने पाणी उडवत राहा. पोट रिकामं होतं, दाटीची सवय होते, आणि अशक्त पिल्लं इथेच मरून वेगळी होतात. ती हाप्यात मेलेली परवडली. पिशवीत एक मेलं तर ते सडतं आणि उरलेल्यांचं पाणी नासवतं.

खाल्लेलं बीज पिशवीत विष्ठा टाकतं. शिवाय कल्ल्यांतून अमोनिया सतत सुटतच असतो. ऑक्सिजन सिलिंडरमधून आणता येतो, पण बांधलेल्या पिशवीतून घाण बाहेर काढता येत नाही.

पाणी आणि पिशवी

पाणी शक्यतो बीज ज्या टाक्यातलं त्याच टाक्यातलं घ्या, फडक्यातून गाळून. बोअरचं पाणी थेट भरू नका. त्यात विरघळलेला ऑक्सिजन फार कमी असतो. वापरायचंच असेल तर रात्रभर उघडं ठेवून, उंचावरून ओतून हवा खाऊ द्या.

एकात एक अशा दोन पिशव्या घाला. आधी नुसतं पाणी भरून दाबून बघा, सुईएवढं छिद्र असेल तर धार दिसते. खालचे दोन्ही कोपरे पिळून रबराने बांधा. बारीक बीज कोपऱ्यात शिरतं, तिथेच चेंगरतं.

पिशवीचा एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. साधारण 6-7 लिटर पाण्याच्या पिशवीत, 12 तासांपर्यंतच्या वाटेसाठी, 4 सेंटिमीटरचं बीज 200 ते 300 घालावं. 8 सेंटिमीटरची बोटुकली असेल तर 50 च्या वर जाऊ नका. "अजून पन्नास बसतील" असं म्हणणारा एक जण प्रत्येक खेपेला असतो. त्याला चहा आणायला पाठवा.

ऑक्सिजन भरताना

बीज सोडल्यावर पिशवी पाण्यापर्यंत दाबून आतली हवा पूर्ण काढा. हवेत ऑक्सिजन जेमतेम 21 टक्के. ती आत राहिली तर सिलिंडरचे पैसे वाया. मग नळी पाण्यात बुडवून हळू सोडा, जोराच्या झोताने बारीक बीज घुसळून निघतं. पिशवी बोटाने दाबली की किंचित दबली पाहिजे. ढोलासारखी ताठ भरली तर उन्हात वायू फुगून गाठ सुटते. तोंड पिळा, दुमडा, मग रबर घट्ट गुंडाळा. सिलिंडरजवळ विडी पेटवू नका आणि व्हॉल्व्हला तेलाचा हात लावू नका. शुद्ध ऑक्सिजन तेलाला भडकवतो.

वाट

पहाटे किंवा रात्री निघा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांत साडेसातच. त्यात गरम पाण्यात मासा श्वासही जास्त घेतो. पिशव्या खोक्यात आडव्या ठेवा, म्हणजे पाण्याचा जास्त पृष्ठभाग ऑक्सिजनला लागतो. वरून ओला बारदाना टाका. बर्फ ठेवायचाच तर वेगळ्या पिशवीत, कागदात गुंडाळून, खोक्याच्या बाजूला. एकदम गार पडलं तरी बीज मरतं. पाऊस उघडला की ऊन चटके देतं, तेव्हा धाब्यावर थांबायचंच असेल तर गाडी झाडाखाली लावायची हे ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा.

मरळ किंवा वाघूर नेत असाल तर रोहूच्या पिशवीत कधीच घालू नका. मरळ शेजाऱ्याला गिळते. शिवाय हे दोन्ही मासे वर येऊन हवा घेतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं पाणी, वर मोकळी जागा आणि घट्ट झाकण लागतं.

तलावात सोडताना

पोहोचल्यावर घाईने पिशवी फोडू नका. बांधलेली पिशवीच 15-20 मिनिटं तलावात, सावलीच्या कडेला तरंगू द्या. दोन्हीकडचं तापमान सारखं झालं की उघडा. इथून मात्र वेळ काढू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचल्याने पाणी आंबट होतं आणि त्या आंबट पाण्यात अमोनिया फारसा बाधत नाही. तोंड उघडलं की तो वायू निघून जातो, पाण्याचा आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. उघडून ठेवून "हळूहळू सवय लावणारे" इथेच फसतात. दोन-तीनदा तलावाचं पाणी ओंजळीने आत घाला आणि चार-पाच मिनिटांत पिशवी आडवी करा. बीज आपणहून बाहेर पडतं, ओतायची गरज नाही.

शंभर पिल्लं मोजून तलावातच लावलेल्या हाप्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. तलावात सोडलेल्यांचं काय झालं याचा अंदाज एवढाच मिळतो. दहा-बारा मेलेले निघाले तर वहीत निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि पिशवीत किती होते ते लिहा. पुढच्या खेपेला पिशवीमागे पन्नास कमी भरा.