ख्रिश्चन फँटसी वाचताना विज्ञानाचा मुद्दा कसा पकडायचा

आपल्याकडं जळगाव-भुसावळची इंजिनिअरिंगची पोरं जे. आर. आर. टॉल्किन, सी. एस. लुईस हे ख्रिश्चन फँटसी लिहिणारे इंग्रजी लेखक वाचतात आणि लगेच म्हणतात हे लोक विज्ञानाच्या विरोधातच होते, तर भाऊ एवढ्यात निकाल देऊ नका, आधी बघा की ताकद कोण वापरतंय आणि कोणाच्या जिवावर.

लुईसचं १९५५ चं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' घ्या. त्यातला अँड्र्यू मामा आधी गिनीपिगवर दुसऱ्या जगात नेणाऱ्या जादूच्या अंगठ्या ट्राय करतो, मग छोट्या पॉलीला अंगठीची लालूच दाखवून दुसऱ्या जगात पाठवून देतो, स्वतः मात्र जात नाही, आणि वरून सांगतो की माझ्यासारख्या ज्ञानी माणसाला सामान्य लोकांचे नियम लागू होत नाहीत. तिथं पेन्सिलनी खूण करा. माझ्या मते लुईसचा खरा राग प्रयोगावर नाहीच, या माजावर आहे.

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये सारुमान नावाचा जादूगार झाडं तोडून भट्ट्या पेटवतो हे सगळ्यांना आठवतं, पण एल्फ आणि ड्वार्फ या गोष्टीतल्या जमातींच्या कारागिरीचं त्यानं किती मनापासून कौतुक केलंय ते पण शोधा, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. रावेर-यावलला केळीला ठिबक लावणं वेगळं आणि पाणी आटेपर्यंत बोअर मारत सुटणं वेगळं, तसंच हे.

मग लुईसचं १९४३ चं 'द अ‍ॅबोलिशन ऑफ मॅन' वाचा, छोटंसंच आहे, निसर्गावरची सत्ता म्हणजे शेवटी काही माणसांची बाकीच्यांवर सत्ता असं तो तिथं सरळ मांडतो. हाच विचार गोष्टीत मांडणारी त्याची १९४५ ची 'दॅट हिडियस स्ट्रेंग्थ' कादंबरी त्याच्यानंतरच घ्या, आधी घेतली तर जड जाते.