आल्गार्व्हमध्ये घर घेण्यापूर्वी एक हिवाळा भाड्याने राहावे

निवृत्तीनंतर पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे आल्गार्व्ह प्रांतात, स्थायिक होण्याचा विचार असेल, तर जुलैच्या सहलीवर विसंबून घर विकत घेऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे सलग सहा-आठ आठवडे भाड्याने राहावे. शेंगेन व्हिसावर, म्हणजे अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या सामाईक व्हिसावर, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येत असल्याने तेवढ्यासाठी निवासी परवाना लागत नाही. दिवसा बाहेर ऊन असते, परंतु अनेक जुन्या घरांत खोल्या गरम ठेवण्याची सोय नसते, आणि पावसाळी आठवड्यात फरशी पायांना झोंबते, कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी धरते. भिंतीचा कोपरा तळहाताने चाचपून पाहावा, कारण नुकताच दिलेला रंग ओल झाकतो. आल्बुफेरासारख्या पर्यटकांच्या गावात हिवाळ्यात बरीच उपाहारगृहे बंद असतात. फारो किंवा ताव्हिरा येथे मात्र बाजारहाट बारमाही चालतो, आणि उतारवयात मला तेच महत्त्वाचे वाटते.

कराचे गणितही आधीच मांडावे. बारा महिन्यांत 183 दिवसांहून अधिक वास्तव्य झाले की पोर्तुगाल आपल्याला करनिवासी मानतो आणि परदेशातील निवृत्तिवेतनही हिशेबात धरतो. त्यावर 10 टक्के दराची जी सवलत जुन्या लेखांत आढळते, ती योजना 2024 पासून नव्या अर्जदारांसाठी, संक्रमणकालीन अपवाद वगळता, बंद झाली आहे.