विहिरीसाठी घरी बनवता येणारा दोरीपंप

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागतो आणि पोहऱ्याने पाणी शेंदणाऱ्या बायकांचे खांदे भरून येतात. तेथे विजेशिवाय चालणारा दोरीपंप बसवणे खरोखर उपयोगाचे आहे. तत्त्व रहाटगाडग्याचेच. नायलॉनच्या अखंड दोरीला सुमारे एकेक मीटरवर गाठी मारून रबरी चकत्या अडकवायच्या आणि ही माळ पाण्यात बुडालेल्या पीव्हीसी पाइपातून वर ओढून चाकावरून पुन्हा विहिरीत सोडायची.

सर्वाधिक काळजी चकत्यांची घ्यावी. पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा चकती जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर लहान असावी, कारण ती घट्ट बसली तर चाक जड फिरते आणि सैल राहिली तर पाणी वाटेतच गळते. पाइप मोठा घेण्याचा मोह टाळावा: 10 मीटर उंचीच्या 25 मिलिमीटर पाइपात सुमारे 5 लिटर पाणी मावते, 40 मिलिमीटरच्या पाइपात मात्र साडेबारा लिटर, आणि ते सारे वजन हातावर येते.

चाकासाठी जुन्या टायरच्या कापलेल्या दोन कडा समोरासमोर जोडाव्यात. त्यांच्या खाचेत दोरी घसरत नाही. पाइपचे खालचे तोंड गरम करून नरसाळ्यासारखे पसरट करावे, म्हणजे दोरी झिजत नाही. चाकाला उलटे फिरू न देणारा खटका अवश्य लावावा, कारण हात सुटताच पाण्याच्या वजनाने हँडल जोराने उलटे फिरते आणि जवळच्या लेकराला इजा होऊ शकते.